वहीच्या शेवटच्या पानावरचा तो चौकोनी डबा चुकीचा नव्हता, चित्रकलेत त्याला हजार वर्षांची परंपरा आहे

शाळेत कंटाळवाणा तास सुरू असला की वहीच्या शेवटच्या पानावर काय काय निघायचं? फुल्ली-गोळा, आवडत्या हिरोचं नाव आणि हमखास एक डबा. आधी एक चौकोन. मग तेवढाच दुसरा चौकोन, जरा वर आणि जरा बाजूला सरकवून. मग चारही कोपरे तिरक्या रेघांनी जोडायचे. झाला डबा तयार. हे कुणी शिकवत नाही. शेजारच्या बाकावरचा काढतो म्हणून आपणही काढतो.

पुढे एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची तयारी सुरू झाली की चित्रकलेचे सर हाच डबा बघतात आणि मान हलवतात. मागची बाजू पुढच्या बाजूएवढी कशी? लांबची वस्तू लहान दिसायला नको का? मग क्षितिजरेषा येते, व्हॅनिशिंग पॉइंट येतो, आणि रस्ता दूर जाता जाता एका ठिपक्यात जाऊन संपतो. मराठीत या शास्त्राला शब्द आहे यथार्थदर्शन. शब्दच इतका दणदणीत आहे की त्यात जे बसत नाही ते अयथार्थ, म्हणजे सरळ चुकीचं, असं मनात बसून जातं.

आता जरा रेल्वेच्या रुळांचा विचार करा. चित्रात ते लांबवर एकत्र मिळतात. खरोखर मिळाले तर गाडी घसरेल. म्हणजे यथार्थदर्शनात दिसतं ते डोळ्यापुरतं यथार्थ. रुळांपुरतं यथार्थ काढायचं असेल तर दोन रेघा शेवटपर्यंत समांतरच ठेवायला लागतील. वहीतल्या डब्यात आपण नेमकं तेच केलं होतं.

समांतर रेघा समांतरच ठेवायच्या, लांबची गोष्ट लांब आहे म्हणून लहान करायची नाही, या पद्धतीच्या कुटुंबाला अ‍ॅक्सोनोमेट्रिक ड्रॉइंग म्हणतात. अ‍ॅक्सिस म्हणजे अक्ष, मेट्रिक म्हणजे मोजमाप. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अक्षांवर मोजता येईल असं चित्र. इंजिनिअरिंगची काटेकोर भाषा वापरली तर वहीतला डबा ‘ऑब्लिक’ जातीचा, आणि ‘आयसोमेट्रिक’ हा त्याचा जास्त शिस्तीचा भाऊ. कलेच्या इतिहासात मात्र या सगळ्या भावकीला मिळून अ‍ॅक्सोनोमेट्रिक म्हणायची पद्धत आहे. इथेही तसंच धरू.

फरक समजायला घरातलं एक उदाहरण पुरेसं आहे. खिडकीच्या गजांची सावली उन्हात जमिनीवर पडते तेव्हा गज समांतरच राहतात, कारण सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत येताना जवळजवळ समांतर असतात. त्याच गजांसमोर रात्री मोबाईलचा टॉर्च धरा, सावल्या पंख्यासारख्या फाकतात. टॉर्चची सावली म्हणजे यथार्थदर्शन, उन्हातली सावली म्हणजे अ‍ॅक्सोनोमेट्रिक. एकात बघणारा जवळ उभा आहे. दुसऱ्यात तो अनंतात जाऊन बसलाय.

यथार्थदर्शनाची गोष्ट बहुतेकांना थोडीफार माहीत असते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने आरसा आणि भोक पाडलेली फळी घेऊन प्रयोग केला, आणि 1435 मध्ये अल्बेर्तीने त्याचे नियम लिहून काढले. एक डोळा, एक जागा, एक क्षण. पुढची चारएकशे वर्षं युरोपच्या चित्रकलेवर याच नियमांचं राज्य होतं. त्यामुळे कलेचा इतिहास लिहितानाही असं गृहीत धरलं गेलं की बाकीचं जग या शोधाची वाट बघत बसलं होतं.

पण चीनमध्ये हा वाद त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी होऊन गेला होता, आणि निकाल उलटा लागला होता.

अकराव्या शतकात शेन को नावाचा एक अफाट माणूस होऊन गेला. सरकारी अधिकारी, खगोलशास्त्रज्ञ, होकायंत्राच्या सुईवर लिहिणारा. त्याने 1088 च्या सुमारास एक टिपणवजा ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या आधीच्या शतकातल्या ली चेंग या नामवंत चित्रकाराची खरडपट्टी काढली. ली चेंग डोंगरावरचे मनोरे आणि मंडप काढताना छपराच्या वळचणी खालून बघितल्यासारख्या दाखवायचा. त्याची बाजू साधी होती: माणूस खाली उभा आहे, मग त्याला छपराची खालचीच बाजू दिसणार. आजच्या चित्रकलेच्या सरांनी ली चेंगला पूर्ण मार्क दिले असते.

शेन कोचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणतो, निसर्गचित्र काढायचं तर मोठ्याला लहान करून बघायला शिका. बागेत ठेवलेला खेळण्यातला डोंगर आपण वरून, सगळ्या बाजूंनी बघतो, तसा खरा डोंगर बघा. पायथ्याशी उभं राहून बघाल तर डोंगराची एकच रांग दिसेल. मागच्या दऱ्या, घरांच्या पलीकडचं अंगण, गल्ल्या यातलं काहीच दिसणार नाही. मग चित्र काढून उपयोग काय?

म्हणजे ‘डोळ्याला दिसतं तसं काढा’ हा पर्याय त्यांना माहीत नव्हता, असं अजिबात नाही. माहीत होता, त्यावर चर्चा झाली होती आणि तो बाजूला ठेवला गेला होता.

का, ते बाराव्या शतकातल्या एका चित्रात दिसतं. झांग झेदुआन या चित्रकाराचं छिंगमिंग सणाच्या वेळच्या नदीकाठाचं चित्र. आज ते बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. उंची 25 सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी जास्त. लांबी मात्र पाच मीटरच्या वर. ही गुंडाळी आहे, भिंतीवर लावायची फ्रेम नव्हे. उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायची, बघायची, बघून झालेला भाग गुंडाळायचा, पुढचा उलगडायचा. आपण रील खालून वर सरकवतो, हे आडवं सरकवायचं.

यात व्हॅनिशिंग पॉइंट टाकायचा कुठे? मधोमध टाकला तर सुरुवातीची आणि शेवटची घरं इतकी तिरकी होतील की ओळखू येणार नाहीत. दर फूटभरावर नवा टाकला तर जोडावर रस्ते तुटतील. समांतर रेघांमध्ये हा प्रश्नच येत नाही. चित्र पाच मीटर असो वा पन्नास, प्रत्येक घर जणू आपण त्याच्या समोरच उभे आहोत असं दिसतं. चित्राच्या मध्यावर एक कमानी पूल आहे. त्याखालून एक मोठी बोट जायला बघतेय, डोलकाठी आडवी करायची गडबड चाललीय, पुलावरची माणसं वाकून ओरडतायत. शेकडो माणसं आहेत, आणि लांबची आहेत म्हणून ती मुंगीएवढी झालेली नाहीत. प्रत्येकाला आपापलं काम आहे. रुलर लावल्यावर सगळ्या रेघा तंतोतंत समांतर निघतील असं नाही, चित्रकाराने हात सैल ठेवलाय. पण कुठेही सगळ्या रेघा एका ठिपक्याकडे पळत नाहीत.

इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड हॉकनी या प्रकाराच्या इतके प्रेमात पडले की 1988 मध्ये त्यांनी यावर एक फिल्मच केली. त्यात ते दोन चिनी गुंडाळ्या शेजारी ठेवतात. एक सतराव्या शतकाच्या शेवटाची, कांगशी सम्राटाच्या दक्षिण दौऱ्याची. दुसरी अठराव्या शतकातली, म्हणजे युरोपातली पर्स्पेक्टिव्ह चिनी दरबारात येऊन पोचल्यानंतरची. पहिलीतल्या गल्लीबोळांत हॉकनी मजेत भटकतात. दुसरीबद्दल त्यांची तक्रार अशी की इथे बघणारा एका जागी खिळतो. हे एका चित्रकाराचं मत आहे, त्याला सूत्र मानायचं कारण नाही. पण दोन्ही गुंडाळ्यांचे फोटो बघितले की तक्रार समजते.

जपानी चित्रकार तर याच्याही पुढे गेले. बाराव्या शतकातल्या गेंजीच्या कथेच्या गुंडाळ्यांमध्ये त्यांनी घरांची छपरंच काढून टाकली. त्या पद्धतीला फुकिनुकी यातई म्हणतात, अर्थ साधारण ‘उडालेलं छप्पर’. वरून तिरकं बघायचं, भिंती समांतर, आणि आतल्या खोलीत कोण रुसलंय, कोण पडद्याआड आहे हे सगळं उघडं. आज फ्लॅटच्या जाहिरातीत छप्पर नसलेला टू बीएचके दाखवतात, तो याच जातीचा.

आणि आपल्याकडे? मुघल, राजस्थानी, पहाडी लघुचित्रांमध्ये चौथरे, पलंग, गालिचे, गच्च्या बऱ्याचदा अशाच समांतर तिरक्या रेघांत येतात, आणि एकाच चित्रात दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनीही येतात. अकबरनाम्यात फतेहपूर सिक्रीच्या बांधकामाचं एक चित्र आहे, सध्या ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असतं. त्यात वरच्या, म्हणजे लांबच्या मजुराचंही काम स्पष्ट दिसतं. तो लांब आहे म्हणून ठिपका झालेला नाही.

1580 मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात युरोपातली छापील चित्रं घेऊन आले. मुघल चित्रकारांनी ती बारकाईने बघितली आणि हवं तेवढंच उचललं. मागे धूसर, छोटी छोटी होत गेलेली गावं यायला लागली, पुढचा चौथरा मात्र तसाच समांतर राहिला. एकाच कागदावर दोन पद्धती. ‘त्यांना पर्स्पेक्टिव्ह जमत नव्हतं’ हे वाक्य म्युझियममध्ये आजही ऐकू येतं, पण हे कागद बघितल्यावर ते टिकत नाही. 1857 मध्ये मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, इंग्रजी धर्तीचं चित्रशिक्षण आलं, आणि बरोबर-चूक ठरवायची पट्टीही त्याच्याबरोबर आली. आपल्या वहीतल्या डब्याला चुकीचा ठरवणारी पट्टी तीच.

खुद्द युरोपातही सगळे त्या पट्टीला बांधलेले नव्हते. सोळाव्या शतकातले इटलीचे किल्ले बांधणारे इंजिनिअर बघा. तोफांच्या माऱ्यापुढे टिकतील असे बुरूज बांधायचे, तर गवंड्याला भिंतीची जाडी आणि लांबी नकाशावरून मोजता आली पाहिजे. पर्स्पेक्टिव्हमध्ये लांबचा बुरूज छोटा दिसणार, मग मोजणार काय? त्यामुळे त्यांनी समांतर रेघांचीच चित्रं वापरली. ‘मिलिटरी पर्स्पेक्टिव्ह’ हे नाव आजही चालतं, ते या सैनिकी वापरामुळे.

याला गणिती शिस्त लावली ती केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी. हे प्राध्यापक 1790 च्या दशकापासून कारखान्यांतल्या यंत्रांवर व्याख्यानं द्यायचे आणि वर्गात यंत्राचं चालतं मॉडेल दाखवायचे. पण इतकी मॉडेल्स ठेवायची कुठे? म्हणून त्यांनी चाकं, दांडे, पट्टे असे सुटे भाग ठेवले. आज एक यंत्र जोडायचं, व्याख्यान झालं की मोडायचं, त्याच भागांतून उद्या दुसरं. जोडायचं काम मदतनिसांचं. आता त्यांना कोणता भाग कुठे बसतो हे सांगायचं कसं? नुसता नकाशा दिला तर उंची कळत नाही. पर्स्पेक्टिव्हचं सुंदर चित्र दिलं तर मोजमाप कळत नाही.

यातून त्यांनी एक पद्धत बसवली आणि 1822 मध्ये त्यावर निबंध छापला. वस्तू अशी फिरवायची की लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्याच प्रमाणात आखडतील. आयसो म्हणजे सारखं, म्हणून आयसोमेट्रिक. आज टेबल-कपाटाच्या खोक्यात जोडणीचं पत्रक येतं, ज्यात एक शब्द नसतो आणि तरी कोणता स्क्रू कुठे जातो ते कळतं, ते बहुतेक वेळा याच पद्धतीने काढलेलं असतं. दोनशे वर्षांत मदतनिसाची जागा आपण घेतली, एवढाच फरक.

काढून बघायचं असेल तर कंपासपेटीतला 30-60 अंशांचा गुण्या, एक पट्टी आणि एक पेन्सिल पुरते. समजा 6 सेंटिमीटर लांब, 4 रुंद आणि 2 उंच अशी पेटी काढायचीय. कागदावर एक आडवी रेघ हलकी मारा. तिच्यावर एक बिंदू घ्या, हा पेटीचा आपल्या सगळ्यात जवळचा खालचा कोपरा. तिथून 2 सेंटिमीटर सरळ वर. त्याच बिंदूपासून उजवीकडे 30 अंशांवर 6 सेंटिमीटर, डावीकडे 30 अंशांवर 4 सेंटिमीटर. आता पुढच्या सगळ्या रेघा या तिघींपैकी कुणाला तरी समांतर. नवीन कोन मोजायचा नाही, अंदाज करायचा नाही. पाच मिनिटांत पेटी उभी राहते, आणि तिची कुठलीही कडा पट्टीने मोजली तर आकडा खरा निघतो.

इथे एक बारकावा आहे, ज्याने फर्स्ट इयरची अनेक मुलं गारद होतात. वस्तू खरोखर त्या कोनात फिरवून तिची ‘सावली’ घेतली तर प्रत्येक कडा मूळ लांबीच्या सुमारे 82 टक्केच भरते. नेमका आकडा 0.816. प्रश्नपत्रिकेत ‘आयसोमेट्रिक प्रोजेक्शन’ म्हटलं असेल तर ही आखडलेली मापं घ्यायची, ‘आयसोमेट्रिक व्ह्यू’ किंवा ‘ड्रॉइंग’ म्हटलं असेल तर सरळ पूर्ण मापं. शब्द एक चुकला की अख्खी शीट चुकते. मग हॉस्टेलवर काचेखाली बल्ब लावून मित्राच्या शीटवरून जीटी मारायची वेळ येते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, हे इंजिनिअरिंग केलेल्यांना सांगायची गरज नाही. त्यातून शीट पूर्ण होते, पण डोक्यात काहीच शिरत नाही. पेटी स्वतः काढली तर शिरतं.

दुसरा सापळा तिरक्या रेघांचा. मोजमाप खरं राहतं ते फक्त तीन अक्षांना समांतर असलेल्या रेघांवर. 10 सेंटिमीटर बाजूचा चौरस घ्या. त्याचे दोन्ही कर्ण खरे म्हणजे साधारण 14.1 सेंटिमीटर. आयसोमेट्रिक व्ह्यूमध्ये त्याचा पतंग होतो, एक कर्ण 17.3 भरतो आणि दुसरा फक्त 10. म्हणून उतरतं छप्पर काढायचं असेल तर कोनमापक लावून उपयोग नाही. आधी सगळं घर मावेल असा खोका काढायचा, त्यावर छपराची टोकं मोजून खुणा करायच्या आणि मग त्या जोडायच्या. वर्तुळाचंही तसंच, ते लंबवर्तुळ होऊन बसतं.

ही पद्धत अशी इंजिनिअरांच्या ताब्यात गेली, आणि विसाव्या शतकात कलाकारांनी तिकडून ती परत आणली. 1923 मध्ये पॅरिसला नेदरलँड्सच्या थिओ व्हान डूसबर्ग आणि कॉर्नेलिस व्हान एस्टेरेन यांनी घरांची अ‍ॅक्सोनोमेट्रिक चित्रं मांडली. लाल, निळे, पिवळे पडदे हवेत तरंगतायत, आणि पुढची बाजू कुठली, मागची कुठली, कोण महत्त्वाचं हे काही ठरलेलं नाही. त्याच वर्षी बाउहाउसमध्ये हर्बर्ट बायर यांनी संचालक ग्रोपियस यांच्या ऑफिसचं आयसोमेट्रिक चित्र काढलं. रशियाच्या एल लिसित्स्की यांनी 1925 च्या लेखात याचा अर्थ लावला: पर्स्पेक्टिव्हने जग एका पिरॅमिडमध्ये कोंडलं होतं, नव्या कलेने त्या पिरॅमिडचं टोक अनंतात नेलं. चिनी चित्रकारांना हे वाचून काय वाटलं असतं, ते सांगता येत नाही.

पण ज्यांनी यातलं एकही नाव ऐकलं नाही, त्यांनीही हे चित्र तासन् तास बघितलंय. 1982 मध्ये सेगाने ‘झॅक्सन’ नावाचा विमानाचा गेम काढला, नावातला ‘अ‍ॅक्सन’ अ‍ॅक्सोनोमेट्रिकवरूनच घेतलेला. नंतर ‘सिमसिटी 2000’ आला, ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला. तेव्हाच्या कॉम्प्युटरची ताकद बेताची होती. पर्स्पेक्टिव्हमध्ये घोडेस्वार लांब गेला की त्याचं चित्र नव्याने लहान करायला लागतं. समांतर पद्धतीत एकच चित्र, एकाच मापात, नकाशावर कुठेही चिकटवा. पिक्सेलवर 30 अंशांची रेघ मात्र ओबडधोबड दिसते, म्हणून दोन पिक्सेल आडवे आणि एक उभा अशी पायरी पाडायचे. तो कोन भरतो सुमारे 26.6 अंश. त्यामुळे ज्यांना सगळं जग ‘आयसोमेट्रिक गेम’ म्हणतं, त्यातले बरेच गेम खरं तर आयसोमेट्रिक नाहीतच. एकाही खेळाडूचं यामुळे काही अडलेलं नाही.

आता एवढं कौतुक झाल्यावर या पद्धतीची खोड पण सांगायला हवी. लांबचं लहान होत नाही, म्हणजे लांब काय आणि उंच काय हे सांगणारी मोठी खूणच हातातून जाते. कागदावर वर सरकलेली गोष्ट मागे गेली की वर गेली? रेघांवरून कळत नाही. 1934 मध्ये स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवर्ड यांनी नऊ ठोकळ्यांचा एक त्रिकोण काढला, जो कागदावर बरोबर बसतो आणि प्रत्यक्षात बनवता येत नाही. 1961 च्या ‘धबधबा’ या चित्रात एशर यांनी तशीच युक्ती वापरून पाणी उताराने वाहत वाहत पुन्हा वरच आणून सोडलं. 2014 चा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा मोबाईल गेम तर सगळाच या खोडीवर उभा आहे: पूल फिरवला की कागदावर दोन टोकं जुळतात, आणि जुळलेली दिसतात म्हणजे जुळली असं धरून ती छोटी राजकन्या चालायला लागते.

ही खोड वहीतल्या डब्यातही आहे. 1832 मध्ये स्वित्झर्लंडचे लुई आल्बेर नेकर स्फटिकांच्या अशाच रेखाचित्रांकडे बघत असताना त्यांच्या लक्षात आलं की चित्र मध्येच उलटं होतं, पुढचा कोपरा मागे जातो आणि मागचा पुढे येतो. कागदावर काहीही हललेलं नसतं. शेवटच्या पानावर परत एकदा दोन चौकोन काढा, कोपरे जोडा आणि अर्धा मिनिट टक लावून बघा. खालच्या डावीकडचा चौकोन पुढे आहे असं वाटत असतानाच तो मागे जाईल, आणि नंतर कितीही ठरवलं तरी तो एका जागी टिकणार नाही.